इंग्रजी साहित्याची पदवी : वाचायचं कसं, लिहायचं कसं

पदवीच्या पहिल्या वर्षाची वाचनयादी हातात पडली की मुलांचे चेहरे उतरतात. चॉसरपासून कालपरवाच्या कादंबरीपर्यंत सहाशे वर्षांचा पसारा, त्यात नाटकं, कविता, निबंध, वर समीक्षेची जाडजूड पुस्तकं. मग सगळ्यांचा मोर्चा गाइडकडे आणि इंटरनेटवरच्या सारांशांकडे वळतो. मी हा विषय शिकवते. शिकवायला लागल्यापासून दर वर्षी नव्या वर्गाला एक गोष्ट सांगते, तीच इथे सविस्तर लिहिते आहे. या अभ्यासातलं खरं काम दुसऱ्या वाचनात होतं. पहिल्या वाचनात गोष्ट कळते. ती कशी रचली आहे ते दुसऱ्यांदा वाचताना दिसतं, आणि पदवी त्या रचनेच्या अभ्यासाची असते. त्यामुळे वेळापत्रक आखताना आधी दुसऱ्या वाचनाची जागा ठेवा.

जेन ऑस्टिनची 'एमा' घ्या. १८१५च्या डिसेंबरात आलेली ही कादंबरी पहिल्यांदा वाचताना आपण एमाच्या डोक्यात बसून सगळं बघतो, तिचे अंदाज आपलेच होतात. फ्रँक चर्चिल केवळ केस कापायला लंडनला जाऊन येतो, हा तिला उथळपणा वाटतो आणि आपल्यालाही. पुढच्याच प्रकरणात जेन फेअरफॅक्सकडे कुणी पाठवला ते न सांगता एक पियानो येऊन पोहोचतो. त्या दोघांचं लग्न गुपचूप ठरलेलं आहे, हे शेवटाकडे कळल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं की ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी का आहेत ते लख्ख दिसतं. ऑस्टिननं काहीही लपवलेलं नाही, सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलं आहे. निवेदन एमाच्या नजरेला किती चिकटून चालतं, हे सारांश वाचून कधीच कळणार नाही, कारण सारांश पहिल्याच ओळीत गुपित फोडतो.

आता वेळेचं गणित. प्रत्येक गोष्ट पूर्ण दोनदा वाचणं जमत नाही, आणि तशी गरजही नाही. कविता दहा वेळा वाचा, ती लहान असते. नाटक दोनदा, त्यातलं एकदा मोठ्यानं. कादंबरी एकदा पूर्ण, मग निवडक प्रकरणं पुन्हा: पहिलं, शेवटचं, आणि मधली तीनचार, जिथं पेन्सिलीच्या खुणा जास्त पडल्या असतील ती. जाड कादंबऱ्या सत्र सुरू व्हायच्या आधी, सुट्टीत संपवा. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' किंवा डिकन्सची 'ब्लीक हाऊस' सत्राच्या मध्यात आठवड्याभरात वाचायला घेतली की कादंबरीवरचं प्रेमच आटतं. या कादंबऱ्या लोकांनी पहिल्यांदा अशा वाचल्याच नव्हत्या. 'ब्लीक हाऊस' १८५२ ते १८५३ दर महिन्याला हप्त्यानं येत होती, 'मिडलमार्च' १८७१-७२मध्ये आठ भागांत आली. तुम्हीही हप्ते पाडा. एक हप्ता वाचून झाला की पुढे काय होईल याचा अंदाज दोन ओळींत लिहून ठेवा. हप्ता नेमका तिथंच का तोडला, या प्रश्नावर परीक्षेत पानभर लिहिता येतं.

आणखी एक काम वाचन सुरू करण्याआधीच करायचं. हातातली आवृत्ती कोणती आहे ते बघायचं. विद्यार्थी याकडे लक्ष देत नाहीत आणि नंतर गोंधळतात. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली आली आणि १८३१मध्ये तिनं ती बदलून पुन्हा छापली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे. दुसरीत ती घरात आणून वाढवलेली परकी मुलगी आहे. वर्गात अर्ध्या मुलांकडे एक आणि अर्ध्यांकडे दुसरी आवृत्ती असली की चर्चा आंधळी होते. ओळखायची खूण सोपी आहे. १८१८चं पुस्तक तीन खंडांचं होतं, त्यामुळे प्रकरणांचे आकडे प्रत्येक खंडात पुन्हा एकपासून सुरू होतात. १८३१मध्ये ते सलग चोविसापर्यंत जातात. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चंही असंच आहे. १६०८च्या छोट्या पुस्तकातल्या सुमारे तीनशे ओळी १६२३च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, नाहीत, आणि फोलिओतल्या शंभरेक ओळी आधीच्या पुस्तकात नाहीत. वादळाच्या रात्री लिअर आपल्या मुलींवर लुटुपुटीचा खटला चालवतो तो प्रसंग फक्त पहिल्यात सापडतो. वर्ड्‌स्वर्थच्या 'प्रिल्यूड'चे १८०५ आणि १८५० असे दोन पाठ, म्हणजे मजकुराची दोन रूपं, आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणची फुकट पुस्तकं जरूर वापरा, पण त्यांवर आवृत्तीचा उल्लेख नेहमी असतोच असं नाही. अभ्यासक्रमात जी सांगितली असेल तीच मिळवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं साल लिहा.

कविता : एक कायमची सोबत धरा

कवितेला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. माझ्या मते सुरुवात मात्र तिथूनच करावी, कारण संपूर्ण रचना एका पानावर डोळ्यांपुढे असते. मी प्रत्येकाला एक कविता तीन वर्षांसाठी सोबत धरायला सांगते. माझी विल्यम ब्लेकची 'लंडन' आहे. १७९४ साली त्यानं 'साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स'मध्ये स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, सोळा ओळींची, चार कडव्यांची. ती उघडून हे पुढचं वाचा.

पहिल्यांदा नुसती वाचा, मोठ्यानं. शब्दकोश बंद. कुणीतरी लंडनच्या रस्त्यांतून फिरतंय आणि त्याला दुःख दिसतंय, एवढं कळलं तरी चालेल. दुसऱ्यांदा वाचताना एकच बघा : काय पुन्हा पुन्हा येतं? 'चार्टर्ड' पहिल्या दोन ओळींत दोनदा. 'मार्क' पहिल्या कडव्यात तीनदा, एकदा क्रियापद म्हणून आणि दोनदा नाम म्हणून. बघणारा खुणा टिपतोय आणि चेहऱ्यांवर खुणा उमटलेल्या आहेत. दुसऱ्या कडव्यात 'एव्हरी' इतक्या वेळा येतं की त्यातून सुटका नाही असं वाटायला लागतं. पेन्सिलीनं गोल करा.

तिसऱ्यांदा वाचताना पुनरावृत्ती कुठं मोडते ते बघा. पहिल्या तीन ओळींत प्रत्येकी आठ अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे (सिलेबल), आहेत, पहिला हलका, दुसरा जोरकस, अशा चालीनं. चौथी ओळ सातच अवयवांची आहे आणि थेट जोरकस 'मार्क्स'वर सुरू होते. फिरणाऱ्याची चाल तिथं अडखळते. वृत्तातला हा बदल नजरेला येत नाही, कानाला येतो. म्हणूनच मोठ्यानं वाचायचं.

चौथ्यांदा शब्दकोश उघडा. 'चार्टर' म्हणजे सनद : राजानं किंवा सरकारनं कुणाला तरी दिलेला हक्क, म्हणजेच बाकीच्यांना नाकारलेला. रस्त्याला सनद असू शकते, पण वाहत्या नदीला? ब्लेकची हस्तलिखित वही उपलब्ध आहे, आणि तिथं आधी या जागी 'डर्टी' हा शब्द होता. घाणेरडा रस्ता, घाणेरडी थेम्स. तो खोडून त्यानं 'चार्टर्ड' लिहिलं. तक्रार घाणीवरून मालकीवर गेली. त्याच वहीत पुढे बेड्यांच्या जागी आधी 'जर्मनीत घडलेल्या कड्या' होत्या. छापताना त्या मनानं घडवलेल्या बेड्या झाल्या. आधीचा रोख परक्याकडे होता, तो माणसाच्या आत वळला. दोन खोडलेले शब्द कवितेचं अख्खं राजकारण सांगतात, आणि ही पानं ब्लेक अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.

पाचव्यांदा वाचताना डोळे आणि कान वेगळे करा. पहिल्या कडव्यात तो बघतो. दुसऱ्याच्या शेवटी तो बेड्या 'ऐकतो', आणि तिसऱ्या कडव्याच्या चारही ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली तर इंग्रजीत 'हिअर', म्हणजे 'ऐक', हाच शब्द तयार होतो. त्याच कडव्यात सैनिकाचा उसासा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतींवरून ओघळतो. आवाज डोळ्यांना दिसायला लागतो. हे पहिल्यांदा सापडतं तेव्हा वर्गात एक क्षण सगळे गप्प होतात. मला या विषयात कायम धरून ठेवलेली गोष्ट हीच आहे.

याच प्रश्नांनी कुठलीही कविता उघडते. कोण बोलतंय आणि कुणाशी? काय परत येतं? कुठं मोडतं? कुठं वळतं? 'बोलणारा म्हणजे कवी' हे मात्र आधी मनातून काढून टाका. ब्राउनिंगच्या १८४२च्या 'माय लास्ट डचेस'मध्ये एक सरदार पाहुण्याला बायकोचं चित्र दाखवत, शांतपणे, आपण तिचं काय केलं ते सुचवून जातो. छप्पन्न ओळी, दोन-दोन ओळींची पक्की यमकं, तरी वाक्यं ओळीच्या टोकावरून अशी पुढे वाहतात की यमक कानाला लागत नाही. बोलणं सहज वाटतं, ताबा मात्र घट्ट असतो, आणि त्या माणसाचा स्वभावही तसाच आहे.

वृत्ताबद्दल आपल्या मुलांना एक आवर्जून सांगते. लघु-गुरू मोजून गण पाडायची सवय असेल तर ती थोडी बाजूला ठेवावी लागते. आपल्या वृत्तात अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो ते मोजतात. इंग्रजीत शब्दाच्या कोणत्या अवयवावर आघात पडतो ते मोजतात. म्हणून शब्दाचा उच्चार माहीत नसेल तर वृत्त कळणारच नाही. शब्दकोशात आघाताची खूण असते, ती बघा. शेक्सपिअरच्या ओळीत साधारण पाच आघात असतात. टेबलावर बोटानं ठोका धरून वीस ओळी रोज वाचल्या की पंधरवड्यात कान तयार होतो.

नाटक : मंच डोळ्यांपुढे आणा

नाटक वाचताना मंच विसरला जातो. 'मॅकबेथ' साधारण १६०६चं. शेक्सपिअरच्या मंडळीचं ग्लोब नाट्यगृह उघड्या छताचं होतं, प्रयोग दुपारी उजेडात व्हायचे. आणि या नाटकातल्या कितीतरी घटना रात्री घडतात. मग रात्र आणायची कुठून? शब्दांतून. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बँको मुलाला विचारतो, रात्र किती झाली. मुलगा सांगतो, चंद्र मावळलाय, घड्याळाचे ठोके ऐकले नाहीत. दोन वाक्यांत काळोख पसरला. हे ध्यानात ठेवून वाचलं की 'प्रतिमासृष्टी' हा परीक्षेतला निर्जीव शब्द जिवंत होतो.

शेक्सपिअरमध्ये रंगसूचना थोड्या असतात, हालचाल संवादातच दडलेली असते. कोण कुठं उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण गप्प आहे, हे समासात लिहा. गप्प असलेलं पात्र विशेष महत्त्वाचं. दोघातिघांनी मिळून प्रसंग वाचला तर ते चटकन कळतं, कारण गप्प पात्र वाचणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो विचारतो, मी इथं करतोय काय?

'दाऊ' आणि 'यू' यांवर लक्ष ठेवा. आपल्या तू-तुम्हीशी त्यांचं जवळचं नातं आहे, म्हणून मराठी वाचकाला त्यांतला ताण अनुवादाशिवाय जाणवतो. 'किंग लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात केंट आधी राजाचा मान राखून बोलतो आणि मग एकदम 'दाऊ' म्हणत त्याला म्हातारा म्हणतो. भर दरबारात. त्या एका सर्वनामावर नाटक वळतं. संवाद वाचताना ही सर्वनामं अधोरेखित करत गेलात तर नात्यांचा नकाशा आपोआप तयार होतो.

नाट्यगृहांच्या इतिहासातली तीनचार सालं पाठ असू द्या, ती सारखी उपयोगी पडतात. १६४२मध्ये पार्लमेंटनं नाट्यगृहं बंद केली, १६६०मध्ये ती पुन्हा उघडली आणि त्यानंतर व्यावसायिक मंचावर स्त्रिया आल्या. त्याआधी स्त्रीभूमिका मुलगे करत. म्हणजे 'ट्वेल्फ्थ नाइट'ची व्हायोला हा मुलगी झालेला मुलगा, जो नाटकात पुन्हा मुलगा होतो. १७३७च्या कायद्यानं नाटकांना आधी परवानगी घेणं सक्तीचं झालं, आणि ते बंधन १९६८पर्यंत राहिलं. अठराव्या शतकात हेन्री फील्डिंग नाटकं सोडून कादंबरीकडे वळला, ते या कायद्यानंतरच.

कादंबरी : सांगतंय कोण?

कादंबरीचा पहिला प्रश्न हाच. एमिली ब्राँटेची 'वदरिंग हाइट्स' (१८४७) सुरू करताना एक कोरा कागद जवळ घ्या. लॉकवुड आपल्याला सांगतो, त्याला नेली डीन सांगते, आणि मध्ये इझाबेलाचं पत्र येतं. तीन थर झाले. दोन घराणी, दोन पिढ्या, आणि दोन कॅथरीन. तिसऱ्या प्रकरणात लॉकवुडला खिडकीच्या फळीवर एकच पहिलं नाव तीन आडनावांसह कोरलेलं सापडतं. त्या तीन नावांत पुढची सगळी कादंबरी आहे, पण ते कळायला वंशावळ हवी. ती स्वतः काढा. पुस्तकात छापलेली बघू नका. काढता काढता कोण कुणाचं काय लागतं ते डोक्यात बसतं.

खुणा करताना ओळीच्या ओळी रंगवू नका. सगळं पिवळं झालं की काहीच सापडत नाही. मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर छोटी सूची करते : 'खिडक्या', 'पत्रं', 'पैसा', 'आजारपण', आणि पुढे पानांचे आकडे. पन्नासेक पानांनंतर कोणती सूची वाढते आहे ते दिसतं, आणि निबंधाचा विषय तिथंच उगवतो.

ओळखीचे शब्द जपून

अनोळखी शब्द फसवत नाही, तो आपण शोधतो. फसवतो तो ओळखीचा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'काँडिसेन्शन'चं तोंडभरून कौतुक करतो. आजचा तुच्छतेचा अर्थ धरला तर वाक्य उलटं होतं. त्याच्या लेखी तो मोठ्या माणसानं लहानाशी दाखवलेला आपुलकीचा गुण आहे. शेक्सपिअरच्या काळात 'प्रेझंटली' म्हणजे ताबडतोब आणि 'फाँड' म्हणजे बऱ्याचदा खुळा. यासाठी 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ला पर्याय नाही. तिचा पहिला भाग १८८४ला आला आणि पूर्ण कोश १९२८ला. प्रत्येक अर्थाखाली तो कोणत्या साली कुणी वापरला याची उदाहरणं असतात. कॉलेजच्या ग्रंथालयातून ती ऑनलाइन उघडता येते का ते पहिल्याच आठवड्यात विचारा. वाचत असलेल्या पुस्तकाचं साल धरून त्या काळचा अर्थ बघायचा, आजचा नाही.

समीक्षा आणि सिद्धान्त

समीक्षक दुसऱ्या वाचनानंतर. त्याआधी नाही, आणि पुस्तकाची प्रस्तावनाही शेवटी. समीक्षकाचं मत आधी वाचलं की आपल्याला तेच दिसतं. आय. ए. रिचर्ड्‌सनं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि साल काढून टाकून कविता दिल्या, त्यांनी लिहिलेली मतं तपासली आणि १९२९मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नाव माहीत नसताना थोर कवींना झिडकारणारे आणि सामान्य कवींना डोक्यावर घेणारे कितीतरी निघाले. त्यातून जवळून वाचण्याची शिस्त अध्यापनात रुजली. हा प्रयोग मित्रांसोबत आजही करता येतो. कवीचं नाव झाकून एकमेकांना कविता द्या.

सिद्धान्ताच्या पेपरला मुलं व्याख्या पाठ करतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. सिद्धान्त म्हणजे साहित्यकृतीला विचारायचा एक नवा प्रश्न. तुमची सोबतची कविता काढा आणि प्रत्येक सिद्धान्ताला तिच्यापुढे उभं करा. स्त्रीवादी वाचक 'लंडन'बद्दल विचारेल : शेवटच्या कडव्यातली वेश्या शाप देते, पण तिचे शब्द आपल्याला ऐकवलेच जात नाहीत, का? मार्क्सवादी वाचक सनदेपाशी थांबेल. १९४६च्या विमसॅट आणि बिअर्ड्‌स्लीच्या निबंधाच्या बाजूचा वाचक म्हणेल की कवीचा हेतू काय होता याला महत्त्व देऊ नका. मग खोडलेला 'डर्टी' शब्द पुरावा म्हणून वापरायचा की नाही? हा खरा वाद आहे, आणि तुम्हाला त्यात बाजू घेता येते. मूळ निबंध वाचा, त्याचा सारांश नको; बहुतेक मूळ निबंध वीसपंचवीस पानांचेच असतात.

मोठ्या कृतीवरचा वाद समजून घ्यायचा तर कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' (मासिकात १८९९) आणि तिच्यावरचं चिनुआ अचेबे यांचं १९७५चं व्याख्यान ही जोडी घ्या. आधी कॉनरॅड वाचा. मग अचेबे, जे म्हणतात की या कथेत आफ्रिकेची माणसं माणसं म्हणून दिसतच नाहीत, खंड नुसता पडदा उरतो. मग पुन्हा कॉनरॅड, यावेळी आफ्रिकी पात्रांना किती वेळा बोलू दिलंय ते मोजत. कॉनरॅडच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की गोष्ट मार्लो सांगतो, कॉनरॅड नाही. हे उत्तर पुरेसं आहे का? मला नाही वाटत. तुम्ही पुरावा देऊन वेगळं म्हणू शकता.

निबंध लिहिताना

चांगल्या वाचकांचे गुण इथं जातात. विधान असं हवं की कुणी शहाणा माणूस त्याला 'नाही' म्हणू शकेल. 'ब्लेकनं लंडनमधलं दुःख दाखवलं' याला कोण नाही म्हणणार? 'ब्लेकच्या लंडनमध्ये दुःख दिसण्यापेक्षा ऐकू येतं, आणि न ऐकणाऱ्या सत्तेला ते शेवटी डोळ्यांनी बघावं लागतं' याच्याशी भांडता येतं, आणि हे सिद्ध करायला पुरावा कवितेत आहे.

पुरावा म्हणजे अवतरण, आणि अवतरण लहान ठेवा. चार ओळी उतरवून पुढे 'यातून कवीची वेदना दिसते' असं लिहिण्यापेक्षा तीन शब्द उचला आणि त्या तीन शब्दांवर तीन वाक्यं लिहा. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात पहिल्या दोन ओळींत 'डन' तीनदा येतं, पण काय 'डन' व्हायचंय ते मॅकबेथ म्हणत नाही, नुसतं 'इट' म्हणतो. खुनाचं नाव तोंडावर आणायला तो कचरतो. एवढं लिहिलं की परीक्षक जागा होतो. कथानक सांगू नका, त्यानं वाचलेलं असतं. पुस्तकात काय घडतं ते लिहिताना वर्तमानकाळ वापरायची रीत आहे. नाटकाचा संदर्भ अंक, प्रवेश, ओळ अशा आकड्यांनी द्यायचा. कवितेच्या दोन ओळी वाक्यात घेताना मध्ये तिरकी रेघ द्यायची.

इंग्रजीतून लिहिणं जड जात असेल तर वाक्यं लहान ठेवा. समीक्षकांची पल्लेदार वाक्यं उसनी घेऊ नका, ती आपल्या वाक्यांशेजारी उघडी पडतात. विचार मराठीत आला तर मराठीत टिपा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र मसुदा पहिल्यापासून इंग्रजीत लिहा, भाषांतर करू नका. दर आठवड्याला एका उताऱ्यावर तीनशे शब्द लिहायचे आणि कुणाला तरी वाचून दाखवायचे. वाचताना जिथं जीभ अडखळेल तिथलं वाक्य बदला. यंत्राकडून निबंध लिहून घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते की त्यात तुमच्या वाट्याचं वाचन राहून जातं, आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

परीक्षेत अनोळखी कविता आली तर पहिली दहा मिनिटं पेन उचलू नका, पेन्सिल चालेल. वरचेच प्रश्न. कविता जिथं वळते ती ओळ सापडली की उत्तराचा कणा मिळाला. सॉनेटमध्ये, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, ती बहुधा नवव्या ओळीशी किंवा शेवटच्या दोन ओळींत असते. ज्ञात पुस्तकांसाठी प्रत्येकी दहाबारा छोटी अवतरणं पाठ ठेवा, वेगवेगळ्या प्रश्नांना लावता येतील अशी. तयार निबंध पाठ करू नका. प्रश्न थोडा जरी वळला तर तो निबंध हात बांधून टाकतो.

शेवटच्या वर्षी प्रबंधिका असेल तर विषय जेवढा लहान घ्याल तेवढा बरा. 'डिकन्सच्या कादंबऱ्यांतील समाज' हा विषय आयुष्यभर पुरेल. 'ब्लीक हाऊस'मध्ये काही प्रकरणं निनावी निवेदक वर्तमानकाळात सांगतो आणि काही एस्थर भूतकाळात सांगते. या दोघांपैकी पावसाबद्दल कोण, कधी, किती बोलतं, एवढंच धरा. मार्गदर्शकाकडे जाताना विषयाचं नाव घेऊन जाऊ नका, दोन उतारे आणि त्यांच्याबद्दल न सुटलेला एक प्रश्न घेऊन जा.